पावसाळ्यात लाँगबोने बाक धरला. मुंबईत लाकडी धनुष्य टिकतं का?

गोरेगावची_तिरंदाज | १४ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, धनुष्य म्हटलं की महाभारताचेच धागे निघतात, म्हणून नवीन काढतेय.

मी चार वर्षं रिकर्व्ह (ऑलिम्पिकमध्ये असतं ते, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) चालवते. नेम धरायची साइट, तोल सांभाळायचा स्टॅबिलायझर, सगळा जामानिमा. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी दीड महिना इंग्लंडला होते. तिथे एका रविवारी गावातल्या क्लबात कुणीतरी लाँगबो हातात दिला आणि माझं कामच झालं. साइट नाही, बाण टेकवायला काही नाही. एक लाकडाचा दांडा, एक दोरी. बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात जाणं सोडाच, निशाण लावलेल्या ठोकळ्याला लागला तरी हसू फुटत होतं.

निघताना तिथल्या एका कारागिराकडून ॲशच्या लाकडाचा घेतला. एकाच तुकड्यातून कोरलेला, लांबी ६८ इंच, आणि दोरी २८ इंच ओढायला लागणारा जोर, म्हणजे धनुष्याचं वजन, ४० पाउंड. पीव्हीसी पाइपात घालून विमानातून आणला. मेपर्यंत मजेत चालला.

जूनमध्ये मैदान बंद झालं. शेवटच्या दिवशी घरी आले आणि दोरी चढवलेलाच हॉलच्या भिंतीवर लटकवला. खरं कारण सांगू? दोरी चढवलेला छान दिसतो. नऊ दिवस तसाच राहिला. उतरवला तर सरळ होईना. जमिनीवर ठेवला की टोकं अडीच इंच वर राहतात. बॅगा मोजायच्या काट्याला अडकवून ओढला तर २८ इंचाला १५.४ किलो, म्हणजे ३४ पाउंड. सहा पाउंड गेले कुठे?

तर प्रश्न: हा मेला का? उन्हात ठेवू का? (ऊन मिळाल्यास.) ओव्हनमध्ये मावत नाही, पाहून झालं. आणि मुंबईत आपल्या हाताने असं धनुष्य करता येईल का, आणि कशाचं? इंग्रजी लाँगबो ज्या झाडाचे करायचे त्या यूचं लाकूड इथे कुठे मिळतं कुणाला माहीत आहे का?

पम्या_पार्लेकर | १५ जुलै, सकाळी ८:१२

गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घाला. कावळेही येणार नाहीत :)

जुनी_पोथी | १५ जुलै, सकाळी १०:०५

यूच्या नावाला वलय आहे ते इंग्लंडच्या इतिहासामुळे. आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोज’ जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात १३७ अखंड लाँगबो निघाले, ४३७ वर्षं समुद्रात राहून. पण तेवढं लांब जायची गरज नाही. सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियनने हिंदुस्थानी पायदळाचं वर्णन केलंय: धनुष्य माणसाच्या उंचीचं, एक टोक जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायाने दाबायचं आणि दोरी मागे ओढायची. बाण जवळजवळ तीन हात लांब. लाँगबो आपल्याकडे होताच की.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्य कशाकशाचं करायचं तेही आहे: ताड, वेळू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू वगैरे. यात यू कुठेही नाही :)

रंधा_कानस | १५ जुलै, दुपारी ३:३०

ताई, धनुष्य मेलेलं नाही. सर्दी झालीय. पण आधी भिंतीवरचा तो खिळा काढून टाका.

मी पॅटर्नमेकर. भांडुपकडच्या एका फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात एकतीस वर्षं गेली. आता निवृत्त, मुलुंडला दीड खोलीत मी, सौ. आणि अकरा धनुष्यं. लाकूड पाणी कसं पितं हे मी पगार घेऊन शिकलोय, ते फुकट सांगतो.

वाळलेलं लाकूड कधीच पुरतं वाळत नाही. हवेत जेवढा दमटपणा, त्या हिशोबाने ते पाणी धरून बसतं. हवा ५० टक्के दमट असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी. धनुष्याला हे छान. हवा ८० टक्के झाली की १६. नव्वदीला गेली की २० च्या घरात. तुमचा हॉल जुलैमध्ये कुठे असतो ते तुम्हीच बघा, शेंगदाण्याच्या डब्याला विचारा.

आता धनुष्यात काय होतं? तुमच्याकडे तोंड असतं ते त्याचं पोट, निशाणाकडे असते ती पाठ. वाकवलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. ओलं लाकूड ताण बऱ्यापैकी सोसतं, दाब सोसत नाही. पोटाचे तंतू चेचले जातात आणि चेचलेले तसेच राहतात. त्यालाच बाक धरणं म्हणायचं. ॲशचं लाकूड तर यात फारच नाजूक. नऊ दिवस, दिवसाचे चोवीस तास, तुम्ही त्याला ओल्या अंगाने उठाबशा काढायला लावल्यात.

सहा पाउंडांतले काही पाण्यामुळे गेले, ते परत येतील. काही चेचण्यामुळे गेले, ते विसरा.

ऊन नको, ओव्हन नको, हेअर ड्रायर तर नकोच. घाईने वाळलेलं लाकूड वरून तडकतं, आणि फार वाळलं तर काचेसारखं मोडतं. माझी पद्धत सांगतो. जुनं लोखंडी कपाट आहे, त्यात तळाला ४० वॅटचा पिवळा बल्ब, वर जाळी, कपड्यांपासून लांब. दारात बोटभर फट. आत एक स्वस्तातलं आर्द्रता दाखवणारं घड्याळ. पावसाळाभर ते ५० ते ५५ दाखवतं. अर्ध्या कपाटात धनुष्यं, अर्ध्यात सौ.चे पापड. भांडण होतं ते बाणांच्या पिसांवरून, पापडावर उडून बसतात म्हणून.

धनुष्य आडवं, दोरी उतरवून ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वयंपाकघरातल्या काट्यावर आज त्याचं वजन करा. ग्रॅममध्ये लिहून ठेवा. दर रविवारी परत करा. माझी एक वेळूची पट्टी मागच्या जुलैत ४१२ ग्रॅम होती. आठवड्याने ३९८, मग ३८८, मग ३८३, मग पुढच्या रविवारीही ३८३. वजन थांबलं की लाकूड वाळलं. तोपर्यंत हात लावायचा नाही.

यूचं नाव काढू नका. चांगल्या यूसाठी इंग्रजांनीही युरोपातून माल आणला. आपण वेळूच्या देशात राहतो.

गोरेगावची_तिरंदाज | १५ जुलै, रात्री ९:१८

काका, साष्टांग. आत्ता वजन केलं: ६४१ ग्रॅम. खिळा काढला. आई विचारतेय की पापडाचं कपाट भाड्याने मिळेल का.

वेळूचं म्हणालात, पण तो पोकळ ना? आणि कुठला घ्यायचा? आमच्या बिल्डिंगला परांची लागलीय, तिथला एक मागून घेऊ?

रंधा_कानस | १६ जुलै, सकाळी ६:५०

परांचीचा नको! दोन पावसाळे खाल्लेला, काथ्याने आवळून चिरलेला, आत भुंग्याने केलेलं पीठ. वाकवलात तर तोंडावर येईल. मांडववाल्यांचाही तसलाच.

वेळूची ताकद सालीत असते. बाहेरच्या बाजूला तंतू दाट, आत विरळ. म्हणून साल ही धनुष्याची पाठ आणि तिला हत्यार लावायचं नाही, पॉलिश पेपरसुद्धा नाही. जे काय तासायचं ते आतून, पोटाकडून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या धनुष्याच्या पाठीवर गाठी बऱ्या दिसत नव्हत्या म्हणून मी त्या घासून गुळगुळीत केल्या. नमुने करायची सवय, हाताला खडबडीत सोसवत नाही. २४ इंच ओढीला वरची पात (मुठीच्या वरचा अर्धा भाग) गाठीपाशीच मोडली आणि तुकडा फळीवरच्या पिठाच्या डब्यावर बसला. डब्याला पोचा आलाय. डबा अजून वापरात आहे आणि पाहुण्यांना दाखवला जातो.

त्याच धनुष्याचे बाण मी फाउंड्रीच्या पट्टीने कापले होते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमच्या पट्टीतला फूट खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचाने मोठा. २८ इंचाचे बाण सव्वाअठ्ठावीसच्या वर भरले. एकही चुकीचा नव्हता, सगळे सारखेच चुकीचे होते.

माणग्याचं_बेट | १६ जुलै, दुपारी १:२२

काकांनो, पोकळीची काळजीच नको. आमच्या सिंधुदुर्गात माणगा होतो, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव. हातात घेतलात तर लाकडाचा सोटाच वाटेल. मी भांडुपला राहतो, पण गावच्या माळ्यावर दोन वर्षांपूर्वी तोडलेला पडलाय. आमचे आजे दिवाळीनंतरच तोडायचे आणि नंतर पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, बुडवून ठेवायचे. आतली साखर पाण्यात गेली की भुंगा फिरकत नाही. कोवळा तोडायचा नाही, तीन पावसाळे काढलेलाच. गणपतीला जातोय, येताना चार नग आणतो.

रंधा_कानस | १६ जुलै, दुपारी २:०५

माणगा! अहो, देव पावला. मलाही दोन आणा.

ताई, भरीव माणगा उभा मधोमध चिरला की दोन धनुष्यं झाली. इंग्रजी लाँगबोचं पोट गोल असतं आणि पाठ चपटीकडे झुकणारी. याचं उलटं: पाठ गोल, पोट सपाट. दिसायला इंग्रजाला आवडणार नाही. चालतं.

वनखात्याचा_जावई | १६ जुलै, संध्याकाळी ७:४०

एक गंभीर सूचना. तुम्ही आरेच्या बाजूला राहता म्हणून लिहितोय. तयार झालं की उत्साहात नॅशनल पार्कात घेऊन जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच धनुष्यबाण आहे. कुणाला मारायचं नसलं तरी परवानगीशिवाय आत नेणं महागात पडेल. गच्चीवरून सराव तर अजिबात नको. आमच्या शेजारच्या सोसायटीत एका मुलाचा बाण पाण्याच्या टाकीवर गेला, टाकी पलीकडच्या विंगची होती.

गोरेगावची_तिरंदाज | १६ जुलै, रात्री १०:३०

नाही नाही, मी जिथे शिकते तिथेच, मागे माती आणि जाळी असलेल्या रेंजवर. घरी फक्त ओढून बघायचं. बाण न लावता सोडायचंही नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलंय.

काका, तासायचं कसं ते सांगा ना. माझ्याकडे कानस आहे, एक छोटा रंधा आहे आणि भरपूर वीकेंड.

रंधा_कानस | १७ जुलै, सकाळी ७:१५

भरपूर वीकेंड हेच मुख्य हत्यार. लिहितो, जरा लांब होईल.

लांबी ६८ इंचच ठेवा. मुठीपाशी जाडी १४ मिलिमीटर, टोकाकडे उतरत ८. रुंदी मधे मिळेल तेवढी, ३५ च्या आसपास, टोकाशी १२. हे माझे आकडे आहेत, तुमचा माणगा वेगळा निघेल. सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी दोन मिलिमीटर जास्त ठेवा.

आता हे वाक्य कपाटावर चिकटवा: रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. १० मिलिमीटर जाडीतून एकच मिलिमीटर गेला तरी ताठपणा २७ टक्क्यांनी कमी. म्हणून जे रंध्याने सुरू करता ते कानशीवर आणा, आणि शेवट काचेच्या तुकड्याने. फुटलेल्या खिडकीची काच, कड सरळ हवी, हातात चामड्याचं फडकं घेऊन. काच ओढली की पावडर पडत नाही, केसासारखी बारीक गुंडाळी निघते. ती निघायला लागली की हात बरोबर बसलाय.

तोल काढायला (तुमच्या भाषेत टिलरिंग) एक दांडा करा. वर मूठ बसेल अशी खाच, खाली दर इंचाला एक खाच. दोरी आधी सैल, लांब. खेचायचं, खाचेत अडकवायचं, चार पावलं मागे जायचं आणि बघायचं. पांढऱ्या भिंतीसमोर बघा, मोबाइलवर फोटो काढा, फोटो उलटा करून बघा. डोळा आपल्याला फसवतो, उलटा फोटो कमी फसवतो. जिथे पात ताठ दिसते तिथेच घासायचं. जिथे कोपर वाकल्यासारखी वाकते तिथे पेन्सिलीने फुली मारायची आणि त्या फुलीकडे पुन्हा ढुंकून बघायचं नाही. नवशिका नेमका वाकलेल्या जागीच अजून घासतो, देव जाणे का.

थोडं घासलं की तीस वेळा हळू ओढायचं. लाकडाला कळायला वेळ लागतो. आणि २५ पाउंडाचं करायचं ठरवलं असेल तर काटा ११.३ किलोच्या पुढे एकदाही जाऊ द्यायचा नाही, मग ओढ १५ इंचच झालेली असो. कमी ओढीत जास्त वजन येतंय म्हणजे अजून घासायचं बाकी आहे, इतकाच अर्थ. पहिलं २५ चंच करा. ४० चा हट्ट धरलात तर माझ्यासारखा डब्याला पोचा येईल.

दोरी डेक्रॉनची, म्हणजे थोडा ताणणारा पॉलिस्टर धागा, बी-५० नावाने मिळतो. हल्लीचे न ताणणारे धागे लाकडी टोकांना कापतात. मेण मधमाशीचं.

बाणांचं वेगळं शास्त्र आहे. सुटताना बाण धनुष्याला वळसा घालून जातो, त्यासाठी तो नेमका किती लवचीक हवा वगैरे. ते दुसऱ्या धाग्यात, मला आता भाजी आणायला जायचंय.

जुनी_पोथी | १७ जुलै, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली. भर एवढीच की सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला, म्हणजे धनुष्याला, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची असते. 

रंधा_कानस | १७ जुलै, दुपारी १२:४५

पाहिलीय, धुळ्याच्या बाजूला. दोन्ही टोकांना कामटी दोऱ्याने बांधलेली. एक करून पाहिली, पण माझ्या हाताने गाठ बसत नाही. ज्यांचं त्यांनाच जमतं.

गोरेगावची_तिरंदाज | १० ऑगस्ट, रात्री ८:००

ताजी खबर. आईने कपाट दिलं नाही, पण माझं पुस्तकांचं कपाट मी रिकामं केलं. वजनं: ६४१, ६२२, ६०९, ६०३, ६०२. थांबलंय असं वाटतं. ओढू का?

रंधा_कानस | १० ऑगस्ट, रात्री ८:२०

अजून एक रविवार. एवढं थांबलात ना?

गोरेगावची_तिरंदाज | २७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

धागा वर काढतेय, कारण आता दाखवण्यासारखं काहीतरी आहे.

आधी ॲशचं. वजन ६०२ वरच राहिलं. दोरी चढवली, हळूहळू ओढ वाढवली, २८ इंचाला १६.४ किलो, म्हणजे ३६ पाउंड. बाक अडीच इंचांवरून पावणेदोनवर आला. टोकं दोन-दोन इंच कापली तर वजन वाढेल असं कुणीतरी मेसेजमध्ये सुचवलं. काकांनी फोनवर एवढंच विचारलं, “३६ पाउंडांनी बाण जात नाही का?” जातो. कापलं नाही.

आता माणगा. भांडुपच्या दादांनी गणपतीहून येताना चार नग आणले. एक मी भांडुपहून लोकलच्या लगेजच्या डब्यातून नेला, बाजूला मासळीच्या पाट्या. एक मावशी म्हणाल्या, “ह्याला शिडी करणार का गं?” धनुष्य म्हटल्यावर त्यांनी तो पूर्ण प्रवासभर माझ्यापेक्षा काळजीने धरला आणि उतरताना पाठीवर, म्हणजे माणग्याच्या, थाप मारली.

पहिला अर्धा वाया गेला. मोडला नाही, पण खालच्या पातीत मुठीपासून वीतभर अंतरावर कोपर झालं. फुली मारलेल्या जागीच मी पुन्हा घासत बसले होते. का? काका म्हणाले तसं, देव जाणे.

दुसऱ्या अर्ध्याला सात शनिवार लागले. मुलुंडला काकांकडे दोनदा गेले. पिठाचा डबा पाहिला, पोचा खरंच आहे. काकूंनी थालीपीठ त्याच डब्यातल्या भाजणीचं केलं. काकांनी माझ्या हातातून काच काढून घेतली, कड नखावर तपासली, दुसरी दिली आणि गप्प बसले. त्या दुसऱ्या काचेने तशी गुंडाळी निघायला लागली. घरभर ते केस झालेत, आई रोज मोजून दाखवते.

आज रेंजवर नेलं. ६८ इंच, २८ ला ११.१ किलो, म्हणजे २४ पाउंड आणि थोडं. पंधरा मीटरवरून सहा बाण. दोन ठोकळ्याबाहेर, तीन ठोकळ्यात, एक पिवळ्याच्या कडेला. आवाज इंग्रजी धनुष्यापेक्षा वेगळाच आहे, “टण्ण” नाही, “टुप”. शेजारच्या लेनमधली कंपाउंडवाली (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) मुलं हसत आली आणि रांग लावून एकेक बाण मारून गेली. फोटो टाकतेय.

माणग्याचं_बेट | २७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आमच्या माळ्यावरचा हा? आजे असते तर आज गावभर सांगत सुटले असते.

पम्या_पार्लेकर | २८ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

कुरडयांचा सल्ला मागे घेतो. मला एक करून मिळेल का?

रंधा_कानस | २८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

फोटो पाहिला. वरची पात छान गोलाईत आलीय. खालची शेवटच्या फूटभरात अजून ताठ आहे, तिथे काचेचे दहा हात, जास्त नाही, मग तीस वेळा ओढ. मूठ सुतळीने गुंडाळलीस ते बरं केलंस, चामडं पावसात वास मारतं.

फोटोत ते सोफ्यावर दोरी चढवलेलं दिसतंय. फोटोपुरतंच ना?

गोरेगावची_तिरंदाज | २८ नोव्हेंबर, सकाळी ८:३४

उतरवली काका. आत्ता उतरवली.